अंगठा कुठे देतो, कशासाठी देतो?

(गणेशपुरी येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात एका संशोधक भगिनींनी केलेले भाषण)



डिजिटल साक्षरता हा माझा अभ्यासाचा विषय. नाव मोठे आहे, काम साधे आहे. पाड्यावर जायचे, लोक मोबाइल, रेशनचे मशीन, बँकेचे मशीन कसे वापरतात ते पाहायचे आणि त्याने जगणे सोपे झाले की अवघड, हे त्यांनाच विचारायचे.

इथल्या कातकरी पाड्यांवर दिवाळीनंतर शुकशुकाट होतो. घरेच्या घरे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अशाच एका परतलेल्या आजीबरोबर मी रेशन दुकानात गेले होते. मशीनवर तिने तीनदा अंगठा लावला. तिन्ही वेळा जुळला नाही. विटा थापून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. रिकामी पिशवी घडी करत ती म्हणाली, "ताई, या हातानं जलमभर काम केलं, आन मशीन म्हनतं हात तुझा नाय."

तिच्याकडे अंत्योदय कार्ड होते. म्हणजे महिन्याला 35 किलो धान्याचा हक्क. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने 2017 मध्येच राज्यांना दिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो आणि शांतपणे एवढेच विचारले, "अंगठा जुळत नसेल तर दुसरी सोय काय?" सोय होती. आजी धान्य घेऊन घरी आली.

त्या दिवशी मला माझी चूक कळली. सुरुवातीला माझ्या वर्गात मी मोबाइल चालू कसा करायचा, फोटो कसा पाठवायचा, हेच शिकवत होते. बाया भराभर शिकल्याही. पण दुकानात त्याच बाया गप्प उभ्या राहत. सरकारनेही 2017 मध्ये ग्रामीण भागातील 6 कोटी घरांत प्रत्येकी एकाला डिजिटल साक्षर करण्याची मोहीम काढली. ती गरजेचीच होती. पण बटण दाबता येणे वेगळे आणि "का नाही?" असे विचारता येणे वेगळे.

वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. त्याआधी आणि नंतरही पुष्कळ मजुरांनी उचल घेताना मालकाच्या वहीत अंगठा उठवला. वहीत काय लिहिले आहे, ते त्यांना वाचता येत नव्हते. आज वहीच्या जागी मशीन आले. बँकेचे पैसे पाड्यावर मिळतात, ही मोठी सोय आहे. पण "लिंक गेली, परत अंगठा लाव" असे सांगून दोनदा पैसे काढल्याच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. पावती मागायची असते, हेच त्या माणसांना कोणी सांगितले नव्हते. काय लिहिले आहे ते न कळता दिलेला अंगठा कागदावर असो की काचेवर, धोका तोच.

तंत्रज्ञान वाईट आहे, असे मी म्हणत नाही. आज स्थलांतरित कुटुंबाला भट्टीजवळच्या दुकानातही आपले रेशन उचलता येते. 2019 पासून महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यातही ही सोय सुरू झाली. पण ज्याला ती माहीत नाही, त्याच्यासाठी ती नाहीच.

मिशनच्या इतिहासात हे नवे नाही. सिंथिया फरार बाई 1827 मध्ये मुंबईत आल्या आणि मुलींच्या शाळांसाठी त्यांनी आयुष्य दिले. अक्षर कळले की माणूस फसत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते. आजची पाटी काचेची आहे, एवढेच.

तुम्ही विचारता, आम्ही काय द्यावे? जुने मोबाइल जरूर द्या. पण त्याबरोबर महिन्यातून एक सकाळ द्या. एखाद्या आजीबरोबर रेशन दुकानात उभे राहा. तिच्या मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश तिला मोठ्याने वाचून दाखवा. पैसे काढले की पावती घ्यायची, ओटीपी कोणाला सांगायचा नाही आणि फसवणूक झाली तर लगेच 1930 वर फोन करायचा, या तीन गोष्टी पाड्यावरच्या एका मुलीला शिकवा. ती पुढे दहा घरांना शिकवील.

अंगठा देण्याआधी "कशासाठी?" असे ज्या दिवशी आजी स्वतः विचारील, त्या दिवशी माझा अभ्यास पुरा झाला असे मी समजेन.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.