राजूर: जनगणनेत शहर, कारभारात गाव

आजच्या भागात आपण यवतमाळ जिल्ह्यात जाणार आहोत. वणी तालुक्यातलं राजूर, म्हणजे आपलं राजूर कॉलरी. कोळशाची खाण, चुन्याच्या भट्ट्या, रेल्वे साईडिंग आणि रस्त्यावरून सतत जाणारे ट्रक. वणीकडच्या श्रोत्यांना हे नव्यानं सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवा की शेतीपेक्षा खाण, भट्टी, वाहतूक आणि दुकानदारी यांवर जगणारं हे गाव आहे.

आता एक साधा प्रश्न. राजूर हे गाव की शहर?

जनगणनेला विचाराल तर उत्तर आहे शहर. ग्रामविकास विभागाला विचाराल तर गाव. आणि दोन्ही उत्तरं बरोबर आहेत! हा घोळ नेमका काय आहे, त्यामुळे तिथल्या माणसाचं काय अडतं आणि मुख्य म्हणजे या घोळात त्याच्या हातात कोणती ताकद आहे, हा आजचा विषय.

जनगणनेत ‘सेन्सस टाउन’ नावाचा एक प्रकार असतो. मराठीत त्याला जनगणना शहर म्हणू. त्याच्या अटी तीन. लोकसंख्या किमान ५,०००. काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. या तिन्ही अटी पूर्ण झाल्या की जनगणनेच्या पुस्तकात ते ठिकाण ‘नागरी’ म्हणून मोजलं जातं. तिथं नगरपरिषद नसली तरीही.

आणि राजूर काही एकटं नाही. २००१ च्या जनगणनेत देशात अशी १,३६२ शहरं होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळपास तिप्पट. म्हणजे देशभर अशी हजारो ठिकाणं आहेत, जिथं जगणं शहराचं आणि कारभार ग्रामपंचायतीचा.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय होतो बघा. एखाद्या ग्रामपंचायत सदस्याला गावातल्या नाल्या, दिवे, पाणी बघायचं असतं. पण राजूरसारख्या ठिकाणी त्याच्यापुढे प्रश्न येतात ते कोळशाच्या धुळीचे, अवजड वाहनांचे, भाड्यानं राहणाऱ्या कामगारांचे, रोज निघणाऱ्या प्लास्टिकच्या कचऱ्याचे. काम नगरसेवकाचं, हाताशी माणसं आणि पैसा ग्रामपंचायतीचा. कायद्यानं ग्रामपंचायतीत सदस्य असतात ७ ते १७. प्रशासन सांभाळायला एक ग्रामसेवक, ज्यांच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. शहराला असतो तसा नगररचनेचा, आरोग्याचा किंवा पाणीपुरवठ्याचा स्वतंत्र विभाग इथं नसतो.

मग लगेच एक सूर निघतो: “नगरपंचायत करून टाका!” शेजारी मारेगाव आहे, झरी जामणी आहे, तिथं नगरपंचायत आहे. पण ती दोन्ही तालुक्याची ठिकाणं आहेत. राज्य सरकारनं तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचं धोरण घेतलं, त्यात ती आली. राजूर तालुक्याचं ठिकाण नाही.

नगरपंचायत झाली तर मिळतं काय? पूर्णवेळ मुख्याधिकारी, १७ नगरसेवक, विकास आराखडा, शहरांसाठीच्या योजनांचा पैसा. आणि जातं काय? फक्त ग्रामीण भागासाठी असलेल्या योजना जातात. करही सहसा वाढतात. आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही: ग्रामसभा जाते.

इथं जरा थांबू. वणी शहरात राहणाऱ्या माणसाकडे ग्रामसभा नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं शहरांसाठी प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. वणीसारख्या लहान शहराला ते बंधन लागूच होत नाही. तिथं नगरसेवक निवडून दिला की पुढची पाच वर्षं त्याला गाठा, निवेदन द्या, नाहीतर मोर्चा काढा. सगळ्या मतदारांनी एकत्र बसून ठराव करायचा, असा प्रकार तिथं भरत नाही.

राजूरमध्ये तो आहे, आजच आहे. म्हणून माझं म्हणणं असं: नगरपंचायतीची मागणी करायची तर जरूर करा, पण ती फाईल मुंबईत कधी हलेल याची वाट बघत हातातलं हत्यार गंजू देऊ नका.

आता ग्रामसभेचे नियम. कंटाळवाणे वाटतील, पण सगळी गंमत यातच आहे.

मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. निवडून यायची गरज नाही. वर्षाला किमान चार सभा व्हायलाच हव्यात, आणि सरपंचानं योग्य कारणाशिवाय सभा टाळल्या तर त्याच्या पदावर गदा येऊ शकते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा हिशोब आणि लेखापरीक्षणाचा अहवाल ठेवावा लागतो.

आणि गणपूर्ती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जे कमी असेल ते. आता गणित करा. गावात मतदार हजारोंनी असले तरी १०० माणसं जमली की सभा कायदेशीर. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग वीस-पंचवीस जणांत ठराव होतात आणि ते अख्ख्या गावाच्या नावावर लागतात.

आपल्याकडे पोरं म्हणतात, “जाऊन का फायदा बे? तेच ते चार लोक बोलते.” अरे, पण तेच चार लोक बोलतात कारण बाकीचे जातच नाहीत! शंभरांच्या सभेत तयारी करून आलेली दहा मुलंमुली म्हणजे लहान गोष्ट नाही. आमदारकीच्या निवडणुकीत तुमचं एक मत लाखोंत हरवतं. इथं ते शंभरातलं एक असतं.

बरं, जाऊन बोलायचं काय? तर पैशाबद्दल बोलायचं. राजूरसारख्या ठिकाणी पैशाचे तीन खिसे आहेत.

पहिला खिसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांच्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, ४० टक्के गावाच्या गरजेनुसार. महाराष्ट्रात यातला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. तेव्हा नालीसाठी, कचऱ्यासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी पैसाच नव्हता असं कुणी सरसकट सांगत असेल, तर आकडा विचारा.

दुसरा खिसा गावाचा स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानं आणि कारखान्यांवरचा कर. खाणपट्ट्यात हा प्रश्न विचारायलाच हवा की भट्ट्या, गोदामं, वसाहती यांची आकारणी किती आहे, शेवटची कधी झाली आणि थकबाकी किती.

तिसरा खिसा आहे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. हा नीट ऐका. २०१५ मध्ये खाणींच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. खाणीचा त्रास ज्यांना होतो त्यांच्यासाठी खाणमालकानं रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम द्यायची. जुन्या पट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावात दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के. हा पैसा जिल्ह्याच्या प्रतिष्ठानात जमा होतो आणि प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेतून खर्च होतो. पिण्याचं पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, स्वच्छता अशा कामांना प्राधान्य. सुरुवातीला अशा कामांवर किमान ६० टक्के खर्चाची अट होती, २०२४ च्या सूचनांत ती ७० टक्के झाली.

आता सांगा, कोळशाची धूळ ज्या घरांवर बसते त्या घरांपेक्षा या पैशावर जास्त हक्क कुणाचा? पण हक्क असणं वेगळं आणि प्रस्ताव जाणं वेगळं. ‘आमच्या गावावर अन्याय होतो’ या वाक्यातून निधी येत नाही. ‘अमुक शाळेजवळचा इतका रस्ता, रोज इतके ट्रक, हा ग्रामसभेचा ठराव, हे अंदाजपत्रक’ असा कागद जिल्हाधिकारी कार्यालयात गेला तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

इथं आपले जे श्रोते ग्रामपंचायत सदस्य आहेत, त्यांच्यासाठी थोडं. २१ वर्षं पूर्ण झाली की निवडणूक लढवता येते आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यामुळे पंचविशीतले सदस्य, तरुण महिला सरपंच आता नवलाचे राहिले नाहीत. तुमचं काम मासिक सभेत सही करण्यापुरतं नाही. गावाचा वार्षिक विकास आराखडा बनतो, ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणतात तो, त्यात कोणतं काम वर आणि कोणतं खाली हे ठरवण्यात तुमचा आवाज असतो. मोठ्या खाणप्रकल्पाची पर्यावरण जनसुनावणी लागते, तेव्हा किमान ३० दिवस आधी नोटीस निघते. तिथं माईक हातात घेऊन बोललेलं इतिवृत्तात नोंदवलं जातं. भाषण करू नका. आकडे सांगा, फोटो द्या, लेखी हरकत द्या.

आणि ‘आपल्या ठरावाला मुंबईत कोण विचारतं’ असं वाटत असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड आठवा. शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात होणार नाही, असा. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाचा ठराव राज्याचं धोरण झाला! धोरण नेहमी वरूनच खाली येतं असं नाही, मंडळी. कधीकधी ते खालून वर जातं.

२०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवर लोकांनी निवडलेले सदस्य नव्हते, प्रशासक होते. त्या काळात तुमचा झेडपी सदस्य कोण या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. पण ग्रामसभा होती.

आता तुमच्या हातातल्या फोनचं काम. ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं पोर्टल एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं. लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा. गावाचा मंजूर आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. त्यातलं एकच काम निवडा. जागेवर जा, फोटो काढा. काम झालंय? छान, तसं गावाच्या ग्रुपवर सांगा, चांगल्याला चांगलं म्हणणं हेही काम आहे. झालेलं नाही? मग ग्रुपवर आरडाओरडा करण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, शुल्क १० रुपये.

आणि शेवटचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात मोठा. खाणीच्या गावात बाहेरून आलेली माणसं खूप असतात. वेकोलिच्या वसाहतीतली कुटुंबं, भट्टीवरचे मजूर, ट्रकचालक, भाडेकरू. काही जणांची दुसरी पिढी इथं वाढते, पण मतदार यादीतलं नाव मात्र मूळ गावी असतं. म्हणजे धूळ इथली, पाण्याची रांग इथली, पण ग्रामसभेत हात वर करायचा हक्क नाही. कायदा सांगतो की माणूस जिथं नेहमी राहतो तिथं त्यानं मतदार व्हावं. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलायला फॉर्म ८, दोन्ही फोनवरून भरता येतात. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर त्यांना बसून फॉर्म भरून द्या. एका सभेला शंभर माणसं आणण्यापेक्षा हे काम जास्त टिकेल.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. पुन्हा माणसं मोजली जातील, आणि कदाचित राजूरपुढे पुन्हा ‘शहर’ असं लिहिलं जाईल. राजूरला नगरपंचायत मिळेल की नाही हे तुमच्या-माझ्या हातात नाही. पण तोवर जी ग्रामसभा आहे तिचा अजेंडा आपल्या हातात आहे.

तर या वेळचा गृहपाठ: पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारा, एक प्रश्न कागदावर लिहा, सोबत दोन मित्र घ्या आणि जा. ठरावाची नोंद झाली का ते इतिवृत्तात बघूनच घरी या. काय झालं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.

भेटूया. तोवर ऐकत राहा, आणि ग्रामसभेत बोलत राहा!