मनगटावरची उंची

मावळांतील गड चढणाऱ्यांच्या मनगटावर अलीकडे दाबमापक असलेलें घड्याळ दिसतें. सकाळीं लोणावळ्यास त्यानें दाखविलेली उंची दुपारीं त्याच जागीं २५-३० मीटरांनीं वाढलेली आढळते आणि घड्याळ बिघडलें असा समज होतो. वस्तुतः तें उंची मोजीत नाहीं, हवेचा दाब मोजतें. दाब एक हेक्टोपास्कल उतरला कीं तें सुमारें ९ मीटरांचा चढ धरतें. आपल्याकडे दाब सकाळीं दहाच्या सुमारास अधिक व दुपारीं चारच्या सुमारास कमी असतो. हा फरक कोरड्या दिवसांत ३-४ हेक्टोपास्कलांचा असतो.

यावर उपाय सोपा आहे. रेल्वे स्थानकाच्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची बहुधा लिहिलेली असते. मळवलीस उतरतांच तिच्याशीं घड्याळ जुळवून घ्यावें. लोहगडाच्या १०३३ मीटर उंच माथ्यावर तें पुन्हा जुळवावें. दाबमापकाच्या छिद्रांत घाम वा चिखल साचल्यास तें गोड्या पाण्यानें धुवावें. टाचणी मात्र घालूं नये.

पावसाळी धुक्यांत लोहगड-विसापूरमधील गायमुख खिंड शोधतांना ३० मीटरांची चूक माणसाला भलत्याच उतारावर नेऊं शकते. म्हणून घड्याळ पाहावें, पण नकाशा व पायवाट सोडूं नये.