घडीची सायकल आणि पाळीचा कामगार



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हापासून या व्यासपीठावर मोठमोठे विषय झाले. आज आम्ही सायकलीवर बोलणार आहोत. विषय लहान आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याची मजुरी हजेरीवर ठरते, त्याच्या घरात पंक्चर ही लहान गोष्ट नसते. पाळीला अर्धा तास उशीर झाला की फाटक बंद, आणि फाटक बंद म्हणजे दिवस बुडाला.

घडीची सायकलच का, असे कोणी विचारील. परळीत काम करणारा प्रत्येक माणूस परळीत राहत नाही. कोणी सिरसाळ्याकडून एस.टी.ने येतो, कोणी गंगाखेडकडून रेल्वेने. स्टेशनवर किंवा स्टँडवर उतरल्यानंतरचे शेवटचे काही किलोमीटर हीच खरी अडचण. रात्रपाळीच्या वेळी रिक्षा मिळत नाही, आणि मिळाली तर मजुरीचा लचका तोडते. उभी सायकल स्टँडवर ठेवावी तर ती सकाळी जागेवर असेल याची हमी नाही. एका खोलीच्या घरात ती ठेवावी तर माणसांनी कुठे निजावे? घडीची सायकल सीटखाली जाते, खाटेखाली जाते. बीडपर्यंत रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली. तो मार्ग परळीपर्यंत आखलेला आहे. जितके लोक गाडीने येतील, तितकी या सायकलीची गरज वाढेल.

ही सायकल म्हणजे नवी चैन, असाही एक समज आहे. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए. कारखान्याने छत्रीने उतरणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठी दुमडणाऱ्या सायकली केल्या होत्या. पुढे १९७५ च्या सुमारास लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी आपल्या राहत्या घरातच ब्रॉम्प्टन सायकलीचा नमुना तयार केला. तेव्हा हे यंत्र प्रथमपासून कामाचेच आहे. मात्र साध्या सायकलीहून ते अधिक निगा मागते. ती निगा कशी ठेवावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट बिजागरी. साध्या सायकलीचा मधला दांडा अखंड असतो. हिचा मध्येच तोडलेला असतो आणि सारा भार तेथून जातो. हँडलच्या खांबालाही अशीच एक बिजागरी असते. म्हणून दर आठवड्यास एक परीक्षा करावी. पुढचा ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्या हाताची बोटे बिजागरीच्या सांध्यावर ठेवावी आणि सायकल पुढेमागे हलवावी. बोटांना टकटक जाणवली तर सांधा ढिला झाला असे समजावे. खटका लावताना तळहातास जोर जाणवला पाहिजे; तो नुसत्या बोटाने बसत असेल तर आवळून घ्यावा. वेल्डिंगच्या कडेला रंगात केसासारखी रेघ दिसली, तर त्या दिवशी सायकलीवर बसू नये. आणि अॅल्युमिनियमचा सांधा कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून जोडून घेऊ नये. हा धातू कारखान्यात तापवून मजबूत केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ती मजबुती जाते. जोड वरून चांगला दिसतो आणि पुढच्या खड्ड्यात दगा देतो.

दुसरी गोष्ट चाक. आपल्या जुन्या २८ इंची सायकलीचे चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जाते, २० इंची चाक साधारण दीड मीटर. म्हणजे तेवढ्याच वाटेला लहान चाक जवळजवळ दीडपट फिरते. टायर, छर्रे, कोन सारे त्याच मानाने लवकर झिजतात. शिवाय लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते. यावर उपाय हवेचा. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. अंगठ्याने दाबून अंदाज करू नये. टायर घेताना ‘वीस इंची’ एवढेच सांगून भागत नाही. त्या एकाच नावाखाली दोन मापे विकली जातात, एक ४०६ आणि दुसरे ४५१ मिलिमीटरचे. एकाचे टायर दुसऱ्यावर बसत नाही. कडेवरचा हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा.

तिसरी गोष्ट चेन, आणि येथे परळीचा प्रश्न येतो. औष्णिक वीज केंद्राने या गावाला काम दिले, तशी राखही दिली. विटांसाठी, सिमेंटसाठी ती ट्रकांतून जाते आणि वाटेत रस्त्यावर सांडते. या राखेत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना, म्हणजे धातू घासावयाचीच द्रव्ये असतात. चेनला वरून भरपूर तेल सोडले की राख त्यात बसते आणि दात घासणारी पेस्ट तयार होते. पुष्कळजण इंजिनाचे जळके तेल ओततात. त्याने तर दुहेरी नुकसान. चेन कोरड्या फडक्याने पुसावी, प्रत्येक कडीवर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडावा, पॅडल उलटे फिरवावे आणि वरचे सारे तेल पुन्हा पुसून काढावे. तेल कडीच्या आत हवे, बाहेर नको. चेन संपली की नाही हे फूटपट्टीने कळते. चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या सव्वाबारा नव्हे, बारा आणि एक अष्टमांश इंच भरल्या तरी चेन बदलावी. उशीर केला तर ती फ्रीव्हीलचे दातही खाते, आणि मग खर्च वाढतो.

आता सुधारणा. नवी सायकल आली की प्रथम गियर बदलावेत असे तरुणांना वाटते. आमचा क्रम वेगळा आहे. आधी ब्रेकचे रबर आणि तारा. घडीच्या जागी तार रोज वाकते आणि तेथेच तिचे धागे तुटू लागतात. मग दिवे, पुढे पांढरा आणि मागे तांबडा, व मडगार्डवर चमकणारी पट्टी. मग चांगले टायर. त्यानंतर दातांचा हिशेब. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील तर २० इंची चाक एका पॅडलफेऱ्यात पावणेचार मीटरच जाते आणि पाय उगाच भिरभिरतात. तेथे पुढे ५२ व मागे १५ केले की ती सुमारे सव्वापाच मीटर, म्हणजे जवळजवळ मोठ्या सायकलीइतकी चालते. मात्र ज्याच्या वाटेत चढ आहे त्याने हलकाच दात ठेवावा. आणि जो सुटा भाग मिळणे कठीण, तो कितीही सुबक असला तरी घेऊ नये. कारखाने कायमचे नसतात. वरळीच्या हिंद सायकल्सचे १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले, तरी तो कारखाना टिकला नाही. अॅटलसच्या साहिबाबाद कारखान्यातील काम ३ जून २०२०, म्हणजे जागतिक सायकलदिनीच थांबले.

दिवा आणि ब्रेक आम्ही पहिल्याने का सांगितले? २२ एप्रिल २००३ रोजी साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे ३ च्या पाळीला दुचाकीवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या कामगार भरपाई आयुक्तांनी त्याच्या कुटुंबास ३,२६,१४० रुपये मंजूर केले. २०११ साली उच्च न्यायालयाने ते नाकारले. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत असेल, तर कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवरील अपघात हा कामावरचाच अपघात होय. हा निकाल प्रत्येक कामगाराने पाठ करावा आणि आपल्या पाळीचा तक्ता घरच्या माणसांना ठाऊक ठेवावा. पण त्या घराला बावीस वर्षे थांबावे लागले, आणि निकालाने भरपाई आली, माणूस आला नाही.

वाट ही कामाचाच भाग असेल, तर वाटेची काळजी एकट्या कामगाराने का वाहावी? म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. फाटकाजवळ छप्पर असलेला स्टँड आणि हवेचा पंप हवा. राखेचे ट्रक झाकलेले हवेत. पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्यावर दिवे हवेत. या मागण्या मालकाकडे आणि सरकारकडे आहेत. चौथी मागणी मात्र आपल्याच लोकांकडे आहे. प्रत्येक युनियनच्या कचेरीत पान्यांची एक पेटी असावी आणि महिन्यातून एका रविवारी जाणत्याने नेणत्यास सायकल खोलून दाखवावी. वर्गणीच्या पावतीने माणूस सभासद होतो. दुसऱ्याच्या चाकाचा आउट काढून दिला म्हणजे तो सोबती होतो.