उडीद आधी घरच्या ताटात



1664 साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या राजांनी त्यांचे स्वागत केले, हे इथे अभिमानाने सांगितले जाते. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992-93 साली कुपोषणाने मुले दगावली, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो. सेंद्रिय कडधान्यांतील प्रथिनांची प्रत या विषयावर मला वावर-वांगणी डोळ्यांपुढे ठेवूनच बोलायचे आहे.

सेंद्रिय पद्धतीने पिकवले म्हणून डाळीतले प्रथिन आपोआप सरस होते, असे मी म्हणणार नाही. श्रावण सरता सरता उतारावरच्या वरकस जमिनीतले उडदाचे एक रोप अलगद उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी असतात. त्यातली एक नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, की समजावे, गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला पुरवत आहेत. जे पीक आपला नत्र बहुतांशी आपणच कमावते, त्याचे युरियावाचून फारसे अडत नाही. दाण्यातली अमिनो आम्ले मुख्यतः वाणावर ठरतात; जमिनीतले गंधक आणि स्फुरद यांचाही त्यात वाटा असतो. सेंद्रिय शेतीचा मी पुरस्कर्ता आहे तो उतारावरची माती टिकते, बियाणे घरचे राहते आणि खतापायी कर्ज होत नाही म्हणून. तेवढी कारणे मला पुरेशी वाटतात. प्रथिनांच्या नावाने जास्तीचा दावा केला तर उद्या आपल्या खऱ्या दाव्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

प्रत ठरते ती ताटात आणि आतड्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 साली शिफारस केलेली मोजणी हेच पाहते: प्रत्येक आवश्यक अमिनो आम्ल लहान आतड्यात किती पचले? उडीद, कुळीथ यांच्या शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत साधारण 22 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात. त्यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. भातात आणि नागलीत लायसिन तोकडे. मेथिओनिनची बाजू त्या मानाने बरी. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. भिजवणे, मोड आणणे आणि नीट शिजवणे यांनी पचनात अडथळा आणणारी द्रव्ये घटतात. रात्री वाल भिजत घालून मोड आणणारी आजी हे काम वर्षानुवर्षे करत आली आहे. आपल्या पोषणवर्गांनी तिच्यापासूनच सुरुवात करावी.

पण आमटी असूनही मूल वाळते, ते का? सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1970च्या सुमारास जगाला बजावले की भारतातली प्रथिनांची तूट ही बव्हंशी अपुऱ्या अन्नाची तूट आहे. पोट भरले नाही तर शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते आणि वाढीसाठी काही उरत नाही. उडीद महत्त्वाचा आहेच, पण त्याच्याबरोबर पोटभर भाकरी हवी आणि त्याच वरकसावर येणाऱ्या खुरासणीचे तेलही हवे.

इथेच खरी अडचण आहे. दिवाळीनंतर इथली कुटुंबे मजुरीसाठी वीटभट्ट्यांवर निघतात. जाण्याआधी रोकड हवी, म्हणून उडीद विकला जातो. भट्टीवर मग भात विकतचा आणि डाळ पातळ. शहरातला ग्राहक सेंद्रिय उडदाला चांगला भाव देतो, तो शेतकऱ्याला जरूर मिळावा. मात्र प्रमाणपत्राच्या गोणीत सगळे पीक भरून गेले आणि पिकवणाऱ्या घरातली गरोदर बाई कोरडा भात खात राहिली, तर अशा सेंद्रिय शेतीला मी यश म्हणणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून 2015 पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे जेवण दिले जाते. त्या जेवणासाठी उडीद, वाल, कुळीथ शासनाने इथल्याच पाड्यांवरून रोख आणि रास्त भावाने, कापणी होताच खरेदी करावा, म्हणजे निदान उडदाचा पैसा भट्टीला निघायच्या आत हाती येईल. संशोधकांनी इथल्या वाणांचे कच्चे पीठ तपासून थांबू नये. इथल्या चुलीवर, इथल्या रीतीने शिजलेली आमटी भाकरीसह तपासावी आणि निष्कर्ष आधी अंगणवाडीताईंना मराठीत सांगावेत. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, व्यापाऱ्यासाठी काटा लावण्याआधी वर्षभराचा उडीद राखेत घोळून कणगीत टाका. उरेल तो विका.