कडक वाट आणि भुसभुशीत बर्फ

बर्फावर चालणारी गाडी, म्हणजे स्नोमोबाईल, तुमच्यापैकी काहींनी गुलमर्गला पाहिली असेल. पुढे चालक, मागे आपण. एक चक्कर होते, फोटो निघतो आणि विषय संपतो. माझा विषय मात्र तिथे संपला नाही. नोकरीनिमित्त मी अमेरिकेत, मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, कीविनॉ नावाच्या भागात काही वर्षं राहिलो. वायव्येकडचा गार वारा लेक सुपीरियरवरून येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच, म्हणजे सुमारे साडेबत्तीस फूट बर्फ पडल्याची नोंद आहे. तो आकडा दाखवणारी उंचच उंच पट्टी हमरस्त्याच्या कडेला उभी केलेली आहे.

अशा मुलखात स्नोमोबाईल घरोघरी असते. तिच्यासाठी जंगलातून शेकडो मैलांच्या वाटा आखलेल्या आहेत. मोठी यंत्रं त्या वाटा दाबून सपाट करतात. या वाटांना तिथे ‘ट्रेल’ म्हणतात. ट्रेल सोडून दोन पावलं बाजूला गेलात, की कमरेइतका भुसभुशीत बर्फ. एकाच गाडीनं या दोन्ही ठिकाणी जायचं, तर गाडी कोणती घ्यावी? हा प्रश्न मी चुकत चुकत सोडवला.

माझी पहिली गाडी ट्रेलची होती. एका फेब्रुवारीत, दुपार कलताना, भूर्जवृक्षांच्या राईतून जवळचा रस्ता काढावा म्हणून मी ट्रेल सोडला. मागच्या सीटवर पत्नी होती. पन्नास-साठ फुटांवर गाडी थांबली. मी गॅस वाढवला, तसा मागचा पट्टा जागच्या जागी फिरून खड्डा करू लागला. उतरलो तर मीच कमरेपर्यंत आत! फावडं नव्हतं. हातांनी बर्फ उपसून, फांद्या घालून गाडी ट्रेलवर आणायला दोन तास लागले. अंधार पडला होता. घामानं भिजलेले कपडे अंगावर गार पडत होते आणि पत्नीला बोटांची शुद्ध राहिली नव्हती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “एक तर आत शिरू नकोस, नाहीतर बाहेर येणारी गाडी घे.”

गाडी का रुतली, ते समजून घेऊ. स्नोमोबाईलला पुढे दोन स्की असतात आणि मागे रबराचा, दातेरी, अखंड फिरणारा पट्टा. ही पट्ट्याची कल्पना कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए यांनी कामाला लावली. १९३४ च्या हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद झाल्यामुळे त्यांच्या आजारी लहान मुलाला रुग्णालयात नेता आलं नाही आणि तो दगावला. पट्ट्याच्या रचनेचं पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळालं. पुढे १९५९ मध्ये त्यांची ‘स्की-डू’ ही छोटी गाडी बाजारात आली.

सगळी मेख या पट्ट्यात आहे. ट्रेलच्या गाडीचा पट्टा घेरानं १२० ते १३० इंच असतो आणि दाते एक-सव्वा इंच उंच. डोंगरातल्या खोल बर्फासाठी केलेल्या गाडीचा पट्टा १५४ इंच किंवा त्याहून लांब आणि दाते अडीच-तीन इंच. पट्टा लांब, तसं वजन जास्त जागेवर पसरतं आणि गाडी बर्फावर तरंगते. उंच दाते भुसभुशीत बर्फाला वल्ह्यासारखे मागे रेटतात. माझी गाडी आखूड पट्ट्याची होती. ती खणत गेली.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहत. त्यांच्या मुलाची डोंगरी गाडी त्यांनी मला चालवायला दिली. खोल बर्फात ती होडीसारखी चालली. मी हरखलो. पण मार्चमध्ये, ऊन-थंडीनं काचेसारख्या झालेल्या ट्रेलवर दहाएक मैल गेलो, तोच इंजिन तापल्याचा दिवा लागला. कारण साधं आहे. या गाड्यांचे कूलर पट्ट्याच्या वर, सीटखाली असतात. पट्ट्यानं उडवलेला बर्फ त्यांच्यावर पडतो, तेव्हा ते गार राहतात. कडक बर्फावर काही उडतच नाही. शिवाय तिच्या दोन स्कींमधलं अंतर कमी, त्यामुळे वळणावर ती कलंडायला बघे. आपल्याकडे भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात. चिखलात ती उत्तम, पण ती घेऊन कोणी डांबरी रस्त्यानं गावाला जात नाही. तशातला प्रकार.

तरी माझं मन त्याच गाडीत अडकलं होतं. तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, “गेल्या हिवाळ्यात तू किती दिवस गाडी काढलीस? आणि कुठे?” मला टिपून ठेवायची सवय आहे. वही काढली. बावीस दिवस. त्यातले सतरा ट्रेलवर, बहुतेक वेळा पत्नीसह, शेजारच्या गावी कॉफी प्यायला. खोल बर्फाचे दिवस पाच. मी गाडी निवडत होतो ती त्या पाच दिवसांसाठी, आणि तिला मागची सीटही नव्हती!

शेवटी मधली गाडी घेतली. तिला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. पट्टा १३७ इंच, दाते दीड इंचाच्या आसपास, मागे बसायची सोय करता येईल अशी. ज्यांचे निम्मे दिवस खोल बर्फात जातात, त्यांनी १४६ इंची पट्टा पाहावा. इंजिनाच्या आकड्यांना मी भुललो नाही. साधारण ६०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन मला पुरलं. फोर-स्ट्रोक शांत आणि पेट्रोलला काटकसरी, पण वजनदार. आणि रुतलेली गाडी उपसताना प्रत्येक किलो जाणवतो. कडक ट्रेलसाठी बर्फ खरवडणाऱ्या स्प्रिंगच्या सळ्या बसवून घेतल्या. त्या बर्फाचा भुगा वर उडवतात आणि इंजिन गार राहतं.

ही गाडी ट्रेलच्या गाडीइतकी चपळ वळत नाही, डोंगरी गाडीइतकी तरंगतही नाही. दोन्हीकडे थोडं सोडावं लागतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. पण पुढच्या फेब्रुवारीत त्याच राईत आम्ही पुन्हा शिरलो आणि उजेड असतानाच बाहेर आलो. सीटखाली घडीचं फावडं होतं, सोबत दुसरी गाडीही होती. फावड्याची गरज पडली नाही. तरी त्यानंतर ते घरी ठेवून मी कधी निघालो नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)