पोरक्या पोराला मोठे होण्याची घाई
(विटा येथे शेतकरी, विणकर व कारागीर मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आज आम्ही येथे पुराण सांगावयास उभे नाही, की मते मागावयास उभे नाही. आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत एखादे पोर असे असते की ज्याला आई नाही, किंवा बाप नाही, किंवा दोन्ही नाहीत. ते चुलत्याच्या पडवीत निजते, मामाच्या घरी जेवते, शेजारणीने दिलेला सदरा घालते. त्या पोराविषयी चार शब्द बोलावेत म्हणून आम्ही उभे आहोत. आपण कामाची माणसे, दिवसभर राबून आला आहात. तेव्हा पाल्हाळ लावणार नाही.

मोठे होण्याची हौस सगळ्याच लेकरांना असते. पोरगा बापाच्या पायताणात पाय घालून अंगणभर फिरतो. पोरगी आईचे लुगडे गुंडाळून खोट्या चुलीवर खोटी भाकरी थापते. लिंबाच्या फांदीला लोंबकळले की उंची वाढते, निजलेल्या पोराला कोणी ओलांडले की त्याची वाढ खुंटते, असल्या गोष्टी आपण सगळ्यांनीच लहानपणी खऱ्या मानल्या. आईबाप असलेल्या पोराचा तो खेळ असतो. पोरक्या पोराचा तो खेळ नसतो, तो त्याचा नवस असतो. एका रात्रीत मोठे व्हावे, सकाळी उठावे तो हातात बळ आलेले असावे, एवढेच ते मागते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही, आमच्या घरात पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी नऊ वर्षांचा एक मुलगा राहावयास आला. आमचे त्याचे ना नाते, ना भावकी. बाप गलाईच्या धंद्यात परमुलखी गेलेला, तिकडेच वारला. आई त्याआधीच गेलेली. आजी होती, ती एका पावसाळ्यात गेली. भावकीने दहावा केला, बारावा केला, आणि तेराव्या दिवशी पोर कोणाकडे, यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. आमच्या घरची म्हणाली, "असू दे आपल्याकडं चार दिवस." ते चार दिवस अजून संपले नाहीत.

पोर गुणी होते. न सांगता पाणी भरी, मागाखालचा कचरा लोटी. आम्हांस वाटे, किती शहाणे! पण हळूहळू तीन गोष्टी ध्यानात आल्या. दर अमावास्येला ते दाराच्या चौकटीला पाठ लावून डोक्याच्या वर कोळशाची रेघ ओढी. रात्री निजताना ते भिंतीला चिकटून, अंग आखडून निजे, कारण विचारले तर म्हणे, "कुणी ओलांडलं तर वाढ खुंटंल." आणि जेवताना दुसरी भाकरी घेण्याआधी ते घरच्यांच्या तोंडाकडे पाही. एके रात्री ते चुलीपाशी बसून म्हणाले, "काकी, म्या मोठा झालो म्हंजे तुमचं समदं फेडीन. माझ्या ध्यानात हाय किती ते."

मंडळी, नऊ वर्षांचे पोर भाकऱ्या मोजत होते! सावकाराच्या वहीत आपल्या बापजाद्यांनी जन्म काढले. हे पोर आपल्याच घरात, आपल्याच ताटावर, मनातल्या मनात वही लिहीत होते. त्याच्या घाईचे मूळ तेव्हा आम्हांस कळले. जे घर आपले नाही त्या घरचे ऋण लवकर फिटावे, म्हणून त्याला मोठे व्हावयाचे होते. आमचे आजचे सारे म्हणणे एवढेच आहे, की पोरक्या पोराला नुसता आसरा देऊन भागत नाही. त्याने भाकऱ्या मोजणे सोडले म्हणजे ते घर त्याचे झाले.

आता कोणी म्हणेल, "रक्ताचे ते रक्ताचे, परके ते परके." त्यांस आम्ही दोन घरे दाखवितो.

पहिले घर पुण्याचे. जोतीराव फुले वर्षाचे व्हायच्या सुमारास आईला मुकले. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या विधवा बाईंनी त्यांना वाढविले. जो स्वतः दुसरीच्या मांडीवर वाढला त्याला पोरकेपण शिकवावे लागत नाही. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, बाळंत व्हावे, पोराचा गळा घोटू नये, एवढाच हेतू. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ साली आपला म्हणून घेतला. तो यशवंत. फुल्यांचा ब्राह्मणशाहीशी उभा दावा होता, हे आपण जाणता. पण पाळण्यातल्या पोराची जात त्यांनी विचारली नाही. यशवंत शिकून डॉक्टर झाला. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याचा हक्क कागदावर पक्का केला. तरी १८९० साली जोतीराव गेले तेव्हा भाऊबंद आडवे आलेच, की दत्तकाने टिटवे धरावयाचे नाही. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंताने गावाबाहेर दवाखाना घातला. मुंढव्याचे एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. पोर वाचले; बाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पोटी मूल नसलेल्या त्या बाईला कोणी वांझ म्हणेल काय?

दुसरे घर आपल्या जवळचे, साताऱ्याचे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग घातले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्यांची पोरे एका पंगतीत. भाऊराव त्यांचे अण्णा, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या वहिनी. धान्य संपले की लक्ष्मीबाई एकेक दागिना मोडीत, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. आज विट्यातले बळवंत कॉलेज त्याच संस्थेचे आहे. तेथे शिकणाऱ्या आपल्या पोरांच्या वाट्याला त्या मंगळसूत्राचा एखादा मणी आला आहे, असेच आम्ही मानतो.

अण्णांची एक गोष्ट विशेष ध्यानात घ्या. त्यांनी पोरांना फुकट खाऊ घातले नाही. कमवा आणि शिका, हा त्यांचा शिरस्ता. पोरे खोदीत, शेती करीत, स्वतः स्वयंपाक करीत. कोणी म्हणेल, मग तुमच्या घरचे पोर पाणी भरीत होते त्यात काय बिघडले? बिघडले ते असे. बोर्डिंगातले पोर काम करी ते शिकण्यासाठी, आणि सगळ्यांच्या बरोबरीने. आमचे पोर काम करी ते हाकलून देऊ नये म्हणून. कामाने पोर ताठ होते. भीतीने केलेल्या कामाने वाकते. तुमच्या घरच्या पोरक्या पोराच्या हाती घमेले असेल, तर पोटच्या पोराच्या हातीही असू द्या; आणि शाळेची घंटा झाली की दोघांचीही घमेली खाली ठेवा.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. खानापूर-आटपाडीचा हा भाग दुष्काळाचा. टेंभूचे पाणी अलीकडे आले. त्याआधी पाऊस रुसला की माणसे पोटासाठी बाहेर पडत. सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन आपली माणसे देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. या गलाई बांधवांना आम्ही नावे ठेवीत नाही. परमुलखात गावाकडचा माणूस दिसला की त्याला जेवू घालणारी, त्याच्या आजारपणात रात्र जागणारी ही माणसे. मानलेले घर काय असते ते त्यांच्याकडून शिकावे. पुष्कळ गरिबांची पोरे त्यांनी हाताशी धरून उभी केली. पण म्हणून बारा वर्षांच्या पोराला भट्टीपुढे बसवू नका. मूस तापते, तेजाबाचा धूर नाका-घशात जातो, आणि शाळा सुटते ती कायमची. चौदा वर्षांखालील पोराला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि अशा धोक्याच्या कामावर अठरापर्यंत बंदी आहे. आमच्या मुलालाही असे बोलावणे आले. तो आनंदाने तयार झाला. त्याच्या मते तो मोठा होण्याची वेळ आली होती. आम्ही नाही म्हटले. दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला जवळ बसवून सांगितले, "बाळ, या घरात तुझी कसली उधारी नाही. दहावी हो, मग काय ते ठरवू."

मुलींची दशा याहून बिकट. पोरकी पोर पंधरा वर्षांची झाली की नातलग म्हणतात, "जबाबदारी उरकून टाकू." लग्न लावणे म्हणजे मोठे करणे नव्हे. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे. मंडपात अक्षता टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आणि शेतकरी बंधूंनो, जमिनीचे बोलल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही. बाप मेला की पोराचे नाव वारस म्हणून सातबाऱ्यावर लागले पाहिजे. अज्ञान वारसाच्या नावापुढे पालनकर्त्याचे नाव 'अ.पा.क.' म्हणून लागते. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पुष्कळ चुलत्यांना हे पालन म्हणजे मालकी वाटते. तसे नाही. अज्ञानाची जमीन विकावयाची तर कोर्टाची परवानगी लागते. पोर अठराचे झाले की अर्ज देऊन तो शेरा कमी करून घ्यावा. ज्या चुलत्याने पुतण्याचा बांध जसाच्या तसा राखून त्याच्या हाती दिला, त्याने काशीस जाण्याची गरज नाही. ज्याने कोरला, त्याने सात वेळा जाऊनही उपयोग नाही.

सरकारकडून काय मिळते तेही ऐका. आईबाप किंवा दोहोंपैकी एक नसलेल्या मुलाला घरातच सांभाळावे म्हणून बाल संगोपन योजना आहे; ती सावित्रीबाईंच्या नावाने चालते, आणि २०२३ साली तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात द्यावा. कोरोनाने ज्यांचे आईबाप दोघेही नेले त्या मुलांच्या नावे राज्य सरकारने २०२१ साली प्रत्येकी पाच लाख रुपये ठेव देण्याचे ठरविले; मूल एकवीस वर्षांचे झाल्यावर ती त्याच्या हाती यावयाची. तुमच्या वाडीत असे मूल असेल तर त्याची पावती कोणाच्या पेटीत आहे, एवढे विचारा. २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का राखीव जागांचा निर्णय झाला. त्याचा दाखला मुलाने वेळेवर काढावा. टाकलेले किंवा एकटे मूल दिसले तर परस्पर घरी नेऊ नका, कोणास देऊ नका. १०९८ वर फोन करा. मूल आपले करावयाचे तर कायद्याने दत्तक घ्या. जोतीरावांनी कागद केला तो उगीच नव्हे. माया आहे तेथे कागदही हवा, म्हणजे आपल्या मागे कोणी आडवे येत नाही.

एक शेवटचे. अठरा वर्षे झाली की संस्थेतल्या पोराला बाहेर पडावे लागते. एकवीसपर्यंत त्याला आधार देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण कायदा सणाला जेवावयास बोलावीत नाही. दिवाळीला जावे कोठे, आजारी पडलो तर कळवावे कोणास, लग्नाची बोलणी करावी कोणी? ज्याने सारा जन्म मोठे होण्याची वाट पाहिली, त्याला मोठे झाल्या दिवशी कळते की आता आपले कोणीच नाही. म्हणून पोटच्या पोराला आपण अठराव्या वर्षी घराबाहेर काढीत नाही, तसे यालाही काढू नका.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तो दहावी झाला, आज आय.टी.आय.त शिकतो. कोळशाच्या रेघा सातव्या इयत्तेत थांबल्या. का थांबल्या ते आम्ही विचारले नाही. त्याच सुमारास एका दुपारी तो घराच्या मधोमध, हातपाय पसरून निजला होता. आमची घरची कळशी घेऊन आली, वाट नाही म्हणून तिने हाक मारली. डोळे न उघडता तो म्हणाला, "काकी, वलांडून जा की. काय हुतंय?"

त्या दिवशी आम्हांस वाटले, आता पोर आपले झाले. त्या रात्री त्याने तिसरी भाकरीही मागून घेतली.

बंधु-भगिनींनो, आपल्या गल्लीतले ते पोर आज रात्री कोठे निजते आणि कसे निजते, एवढे घरी जाताना पाहून जा. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.