सोंग कोणाचे आणि हसू कोणाला?

(सावेडी येथील सभेत झालेले भाषण)



शाळेचे संमेलन जवळ आले की आमच्या सावेडीत घरोघरी वेषभूषेची धांदल उडते. एका पोराच्या खांद्यावर घोंगडी टाकून हातात काठी दिली की झाला धनगर. दुसऱ्याच्या कमरेला पाने बांधून तोंडाला काजळ फासले की झाला आदिवासी. मग धनगराने अडाण्यासारखे बोलावे, आदिवासीने उड्या माराव्यात आणि पुढच्या रांगेने पोट धरून हसावे. यात वाईट ते काय, असे कित्येक विचारतात. त्याचाच आज विचार करू.

सोंगाशी आमचे वैर नाही. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, त्यात विदूषक आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साज उचलला व भटजीचे सोंग आणून गावेच्या गावे हसविली. आपल्याच जिल्ह्यातील तरवडीच्या मुकुंदराव पाटलांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहून कुलकर्ण्याच्या लबाडीची टर उडविली.

मग कोणी म्हणेल, "तुम्ही भटजीला हसलात ते चालले, आणि धनगराला हसले की अपमान कसा?" प्रश्न रास्त आहे. जलशातील हसू करणीवर होते. अडाणी कुणब्याला ग्रहांचा धाक घालून दक्षिणा उकळणे ही करणी. ती सोडणे भटजीच्या हाती होते. घोंगडी पांघरणे ही काय लबाडी आहे? मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्याचे ते छप्पर आहे. शिवाय तेथे गांजलेला गांजणाऱ्याला हसत होता. येथे पोट भरलेला कष्टकऱ्याला हसतो. मात्र जलशातला टोला करणी सोडून जन्मावर पडला असेल, तर तोही खोटाच. न्याय सर्वांना एकच.

चौंडीला धनगराच्या घरी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ साली आपल्या जिल्ह्याला मिळाले. पाटीवर ते नाव मिरवायचे आणि पाटीमागच्या मांडवात त्यांच्याच जातीला अडाणी ठरवायचे, ही कोठली रीत? अकोले तालुक्यातील महादेव कोळी राघोजी भांगरे इंग्रजांशी झुंजून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्याच तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे राखल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री मिळाली. पाने नेसून उड्या मारणारा आदिवासी या मंडळींनी पाहिला तरी कोठे?

सोंगाचा परिणाम हसण्यावरच थांबत नाही. गेल्या दोन शतकांत अमेरिकेत गोरे नट तोंडाला बुचाची काजळी फासून काळ्या गुलामांची सोंगे आणीत. 'जिम क्रो' हे असेच एक सोंग. पुढे काळ्यांना निराळे बसविणाऱ्या कायद्यांना तेच नाव पडले. आधी सोंगाने माणूस हलका केला, मग कायद्याने त्याला दूर बसविले. ज्या अमेरिकनांनी गुलामगिरी मोडण्यासाठी झीज सोसली, त्यांनाच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, हे ध्यानात ठेवा.

आणि हे दुसऱ्यांचेच पाप नव्हे. आपल्या कुणब्या-माळ्यांच्या, सुतार-लोहारांच्या ओट्यांवरही पारधी, वडार, कैकाडी यांच्या बोलीची नक्कल चालते. सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्माबरोबर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या थट्टेतून तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

तेव्हा मायबापहो, पोराला धनगराचा वेष खुशाल द्या. पण आधी त्याला मेंढवाड्यावर न्या. लोकर कशी कातरतात, घोंगडी कशी विणतात, मेंढरे बसविल्याने शेताला खत कसे मिळते, हे त्याला विचारू द्या आणि मंडपात तेच सांगू द्या. पुढच्या रांगेत खुद्द धनगराला व त्याच्या मुलाला मानाने बसवा. आपल्याबरोबर तेही हसले तर तो विनोद. त्यांनी मान खाली घातली, तर ती आपल्या सर्वांची मान खाली गेली असे समजा.